दोरीचं वरचं टोक

पाऊस थांबला म्हणून धरणाचं पाणी लगेच स्वच्छ होत नाही. गणपती जातात, दसरा जातो, तरी ते दाट चहासारखंच असतं. दिवाळी उरकली, सकाळी नळाचं पाणी हाताला झोंबायला लागलं, बाजारात हरभऱ्याची कोवळी भाजी दिसू लागली, की मग कुठे गाळ खाली बसतो. आधी पाणी मळकट हिरवं होतं, मग नुसतं हिरवं, आणि डिसेंबर उजाडला की काठाजवळचे गोटे स्पष्ट दिसायला लागतात. नाशिकमध्ये राहून किती जणांना हे ठाऊक असेल, देव जाणे. मला ठाऊक आहे, कारण एक अख्खा हिवाळा मी त्या पाण्यावर होडीत बसून काढला, आणि माझ्या नवऱ्याने त्या पाण्याखाली.

यंदाही थंडी पडली. काल गंगापूर रोडवरून दूध घेऊन येताना बोटं आखडली आणि उजव्या तळहातावरची जुनी खूण आपोआप चोळली गेली. ओल्या नायलॉनच्या दोरीने तिथली कातडी एकदा चांगलीच सोलली होती. हल्ली ती खूण शोधावी लागते. थंडीत मात्र ती स्वतःहून जागी होते, आणि मला उगीचच बरं वाटतं.

नवऱ्याला मी आयुष्यभर ‘अहो’ म्हणत आले. पण लेखभर अहो-अहो चालायचं नाही, म्हणून इथे त्यांना अरविंद म्हणते. अरविंद सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. आठवडाभर लोखंडाला मापात आणायचं आणि सुट्टीच्या दिवशी घरातल्या बिनतक्रार चालणाऱ्या वस्तू उघडून बघायच्या, हा त्यांचा क्रम. नव्वदीच्या मध्यावर कुठल्याशा जुन्या मासिकात त्यांना एक फोटो दिसला. परदेशातला एक चष्मेवाला गृहस्थ, त्याचं अंगण, आणि अंगणात त्याने स्वतःच्या हाताने बांधलेली एका माणसापुरती पाणबुडी. दुसऱ्या कुणी पान उलटलं असतं. आमच्याकडे भंगारबाजारातून जाड पत्र्याचा एक दंडगोल आला.

“समुद्र घाटाखाली आहे,” मी सांगून पाहिलं.

“पाणी समुद्राचंच पाहिजे असं कुठे आहे?”

लोक मला विचारायचे, वहिनी, नाशिकमध्ये पाणबुडी कशाला? मलाही धड सांगता यायचं नाही. त्यांना तळाशी जाऊन थोडा वेळ बसायचं होतं, एवढंच. डोंगरावर जाऊन बसणाऱ्यांना कुणी काही विचारत नाही, मग तळाशी बसणाऱ्यालाच का विचारायचं, असं मी पुढे पुढे फाडकन म्हणायला शिकले. मी शाळेत मराठी शिकवत होते, त्यामुळे उत्तरं तयार असायची. माझा खरा प्रश्न वेगळाच होता, आणि तो मी एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता विचारला होता.

“तुम्ही खाली गेल्यावर वर कोण असणार?”

“तू.”

“मला पोहता येत नाही.”

“तुला कुठे पोहायचंय? तुला तर वरच राहायचंय.”

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण कुणी माझ्यावर एवढा भरवसा टाकल्याचं मला आठवत नव्हतं. पोळी तव्यावर करपली.

पाणबुडी तयार झाली ती रामदासच्या शेडमध्ये. रामदास म्हणजे अरविंदांच्या एका मित्राचा धाकटा भाऊ, धरणाच्या काठाला त्याची द्राक्षबाग. त्याच्याकडे ट्रॅक्टर होता, ट्रॉली होती, आणि कुठल्याही उद्योगाला नाही म्हणायचं नाही असा स्वभाव होता. अरविंदांनी पाणबुडीचं नाव ठेवलं होतं ‘मत्स्य’. ते नाव अरविंदांशिवाय कुणीही उच्चारल्याचं मला आठवत नाही. रामदासने पहिल्याच दिवशी तिच्याभोवती फेरी मारली, पत्र्यावर थाप दिली आणि म्हणाला, “टाकी लय झ्याक झालीय, दादा.” तेव्हापासून ती टाकीच. माथ्यावर गोल झाकण, पुढे जाड पारदर्शक खिडकी, दोन्ही कुशींना पाणी भरायचे डबे, आणि पोटाखाली लोखंडी वजनं. डब्यांत पाणी घेतलं की टाकी खाली जायची आणि सिलिंडरची हवा सोडून ते पाणी बाहेर ढकललं की वर यायची. रंग ट्रॅक्टरचा उरलेला, नारिंगी.

ती पाण्यातून ओढून काढायची जबाबदारी हनीफभाईंची. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ त्यांचं गॅरेज होतं आणि एक म्हातारी क्रेन होती. घाटात उलटलेले ट्रक सरळ करण्यात त्यांची हयात गेली होती आणि ते तसं दर पाच मिनिटांनी सांगत. “भाभी, कसाऱ्याच्या घाटात टँकर उचललाय मी. ही तर डबी आहे, डबी!” पहिल्यांदा आम्ही टाकीत माणसाऐवजी वाळूची पोती भरून ती पाण्यात सोडली आणि परत काढली. तेव्हा क्रेनचा दोर सुटला आणि हनीफभाई स्वतःच गुडघाभर चिखलात बसले. त्यानंतर डबी हा शब्द बंद झाला. माणूस मोठ्या मनाचा, आपल्याच फजितीवर सगळ्यांत आधी हसला.

पाणबुडी पाण्यात सोडणं म्हणजे ढकलून देणं, असं मला वाटायचं. तसं नसतं. ती तरंगते तीसुद्धा जवळजवळ सगळी पाण्याखाली, डोकं तेवढं वर. म्हणजे ती ट्रॉलीवरून सुटी व्हायला छातीभर पाणी लागतं, आणि छातीभर पाण्यापर्यंत ट्रॉली न्यायची तर मध्ये गाळ. ट्रॅक्टर बुडू नये म्हणून रामदासने ट्रॉलीला लांबलचक लोखंडी दांडा जोडून घेतला होता. तो मान मागे वळवून, ओठ दाताखाली धरून, ट्रॅक्टर इंच इंच मागे घ्यायचा. चाकांखाली आम्ही बारदान अंथरायचो. धरणातून कालव्याला पाणी सुटलं की काठच मागे सरकायचा. या रविवारी मुरूम टाकून वाट करावी, तर पुढच्या रविवारी ती वाट कोरडी ठणठणीत आणि तिच्यापुढे नवा, चकचकीत गाळ. रामदास कमरेवर हात ठेवून त्या गाळाकडे असा बघायचा, की जणू भाऊबंदाने बांध कोरलाय.

पाणी सरकतं, आपण वाट करायची, ते परत सरकतं. त्या दिवसांत मी यावर चिडायचे. आता आठवलं की वाटतं, दर आठवड्याला नव्याने वाट करायला बरोबर माणसं होती, हेच केवढं होतं. आणि कुणालाही त्यातून काही मिळणार नव्हतं. रामदासची बाग छाटणीनंतर फुलोऱ्यावर आलेली, हनीफभाईंच्या क्रेनला रविवारीही बोलावणी असायची. तरी सकाळी धुक्यातून आधी ट्रॅक्टरची धडधड ऐकू यायची आणि मग क्रेनचा तो बसक्या आवाजातला भोंगा. मी होडीजवळ उभी असायचे, स्वेटरवर शाल, शालीवर कानटोपी, आणि या सगळ्यावर कमरेभोवती ट्रकच्या चाकाची फुगवलेली ट्यूब. शाळेतल्या कुणी मला त्या वेषात पाहिलं नाही, हे माझं नशीब.

होडी सुशीलाची. सुशीला म्हणजे रामदासची बायको. माहेर नदीकाठचं, मासेमारी करणाऱ्यांचं, त्यामुळे वल्हं तिच्याच हातात शोभायचं. रामदास होडीत बसला की ती नुसती गोल गोल फिरायची. सुशीला वल्हवणार आणि मी दोर धरणार, असं ठरलं. टाकीच्या पाठीवरच्या कडीला दोर बांधलेला आणि दोराच्या बरोबरीने टेलिफोनची तार. एक जुना रिसीव्हर आत अरविंदांकडे, एक माझ्या कानाला. दुसरा एक जाड पोलादी दोर काठावर हनीफभाईंच्या क्रेनला, सैल सोडलेला. फोन बंद पडला तर काय, हेही ठरलं होतं. आतून पान्याने पत्र्यावर ठोकायचं, पाण्यातून तो आवाज होडीच्या तळाला ऐकू येतो. दोन ठोके म्हणजे ठीक आहे, मी माझा वर येतो. सारखे ठोके म्हणजे ओढा. आणि काहीच ऐकू आलं नाही, तरीही ओढा.

“पण मी दोन ठोके दिले असताना ओढायचं नाही,” अरविंदांनी बजावलं होतं. तळाशी जुन्या बाभळींचे बुंधे होते. टाकी वर यायच्या बेतात असताना काठावरून ओढ बसली, तर ती आडवी होऊन बुंध्यावर आपटेल, खिडकी फुटेल. “ओढायचं की नाही, हे वरचा माणूस ठरवणार. म्हणजे तू. हनीफभाईंनी कितीही आरडाओरडा केला तरी.”

माणूस आत बसून पहिल्यांदा खाली जाणार, तो दिवस दुपारपर्यंत गाळातच गेला. ट्रॉली रुतली, निघाली, परत रुतली. त्या वर्षी रमझान थंडीत आला होता. हनीफभाईंचा रोजा होता, आणि आम्ही त्यांच्यादेखत जेवायला संकोचत होतो. तेच ओरडले, “अरे खा ना बाबांनो! तुम्ही उपाशी राहिलात तर दोर कोण धरणार?” मग आम्ही ट्रॅक्टरच्या आडोशाला बसून भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं. मला घास उतरत नव्हता. माझ्या डोक्यात एकच हिशेब होता. हा माणूस आता एका डब्यात बसून पाण्याखाली जाणार, आणि तो परत वर यायला हवा.

सगळी तयारी झाली. अरविंद टाकीत उतरले, कमरेपासून वर झाकणाच्या तोंडातून बाहेर. रामदासने नारळ फोडला. तेवढ्यात सुशीला पदर खोचून, हातात ताट घेऊन पाण्यात शिरली. ताटात निरांजन, कुंकू, अक्षता.

“असंच कसं पाठवायचं, बाई?” ती मला म्हणाली. “मानूस एवढ्या लांब चाललाय.”

लांब म्हणजे सरळ खाली, दीड-दोन पुरुष खोल. पण तिचं बरोबर होतं. तिने कंबरभर पाण्यात उभं राहून औक्षण केलं, कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या. अरविंदांनी मान लववली. काठावर हनीफभाईंनी टोपी नीट केली आणि दुआसाठी दोन्ही हात वर केले. मी नुसतं बघितलं आणि सुशीलामागोमाग होडीत चढले. मग अरविंद खाली बसले, झाकण लागलं, आतून चाक फिरल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने टाकीचं नारिंगी डोकं पाण्याखाली गेलं. एखादा ओळखीचा माणूस वळणावरून दिसेनासा व्हावा तसं, सहज.

“ऐकू येतंय?” कानात आवाज.

“येतंय. मी वर आहे.”

“मला माहितीय तू वर आहेस.”

“काय दिसतंय?”

दोर माझ्या हातातून हातभर सरकला. मग, “हिरवं.”

ते एवढा एकच शब्द बोलले आणि माझ्या जिवात जीव आला. पुढची काही मिनिटं हेच चाललं. काय दिसतंय? हिरवं. आता? जास्त हिरवं. आता? गाळ. मी तळाला आहे. त्यांच्या आवाजात असा आनंद होता की मीच लाजले. सुशीला वल्हं आडवं धरून बसली होती. दोर माझ्या हातात ताठ नाही, सैल नाही, असा.

मग ते म्हणाले, “मानेवर काहीतरी पडतंय.”

“काय?”

“थेंब.”

“घाम असेल.”

“गार आहे.”

आणि मग, अगदी शांतपणे, “झाकणातून येतंय. थेंब नाही आता, धार आहे. बारीक. मी वर यायला...” एवढ्यावर खर्रकन आवाज झाला आणि फोन गेला. नंतर कळलं की फोनची पेटी बरोबर झाकणाखाली होती आणि पाणी तिच्यातच उतरलं होतं. तेव्हा मात्र काही कळलं नाही. तेव्हा फक्त कानातली ती शांतता होती. मी हॅलो हॅलो करत राहिले. सुशीलाने माझा चेहरा पाहिला आणि तिला सगळं समजलं.

“भाभी!” काठावरून हनीफभाई ओरडले. माझं हॅलो तिथवर पोचलं होतं. “काय झालं? बाहेर काढू का?”

शांतता म्हणजे ओढा. नियम तसाच होता. मी हात वर करायला गेले, आणि त्याच क्षणी सुशीलाने माझं मनगट धरलं. ती वाकून, होडीच्या तळाला गाल लावून पडली होती.

“थांबा बाई. बोलू नका.”

मीही वाकले. शाल, कानटोपी, ती ट्यूब, सगळं अडचणीत आलं. कानटोपी ओढून काढली आणि कान तळाच्या लाकडाला टेकवला. होडीत साचलेलं पाणी कानात गेलं. आणि त्यातून, खूप खालून, ठोका आला. ठक, ठक. मग काही नाही. मग परत, ठक, ठक.

“भाभी! खींचू क्या?” हनीफभाई आता क्रेनवर चढले होते. रामदास पाण्यात धावत आला होता. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी अशी बाई, जिला भाजीवाल्याशीसुद्धा घासाघीस करता येत नाही. आत पाणी शिरतंय, हे मला माहीत होतं. दोन ठोके ऐकलेत, हेही माहीत होतं. नवरा खरं बोलतोय की मला घाबरवू नये म्हणून ठीक म्हणतोय, असा विचार कुठल्या बायकोच्या मनात येणार नाही? पण मला त्यांचा ठोका ओळखू येत होता. वर्षानुवर्षं घरात खिळे ठोकणाऱ्या माणसाचा ठोका. त्यात घाई नव्हती.

“नाही!” मी ओरडले. माझा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. “ओढायचं नाही! दोन आहेत!”

दोर माझ्या मुठीत एवढा आवळला होता की तळहाताची कातडी तेव्हाच सोलली. होडीच्या डाव्या अंगाला आधी एक बुडबुडा आला. मग पाच-सहा. मग पाणी उकळायला लागल्यासारखं झालं, आणि ते नारिंगी डोकं वर आलं, पाणी निथळत, टाकीच्या मानाने फारच ऐटीत. झाकण उघडलं. अरविंद बाहेर डोकावले. केस कपाळाला चिकटलेले, कुंकू नाकापर्यंत ओघळलेलं.

“गाळ फार मऊ आहे,” ते म्हणाले.

मी रडले की हसले, मला सांगता येत नाही. सुशीलाला विचारलं तर ती म्हणते दोन्ही.

टाकी ट्रॉलीवर घेतली, काठावर आणली. अरविंद आणि रामदास झाकणाच्या चाकाकडे बघत बसले, बोल्ट तपासत. मी काही यंत्रातली जाणकार नाही, पण कुकरची शिट्टी नीट होईना की बाई काय करते? रिंग काढून तिच्यावरून बोट फिरवते. मीही तेच केलं. झाकणाखालच्या ग्रीस लावलेल्या रबरी रिंगवरून बोट फिरवत गेले आणि मागच्या बाजूला काहीतरी टोचलं. तांदळाचा दाणा. कुंकवाने लाल झालेला, ग्रीसमध्ये घट्ट बसलेला. अरविंदांच्या डोक्यावरची अक्षत खाली बसताना रिंगवर पडली होती, आणि झाकण तिच्यावरच आवळलं गेलं होतं.

सुशीलाने तो दाणा माझ्या बोटावर पाहिला आणि मटकन खाली बसली. “मीच मारलं असतं दादांना,” एवढंच ती परत परत म्हणत होती.  अरविंदांनी माझ्या बोटावरून तो दाणा उचलला, उन्हात धरून पाहिला.

“वहिनी, आधी एक सांगा. तांदूळ कुठला हा?”

ती रडता रडता थांबली. “घरचाच हाय. पेठ तालुक्यातनं आनलेला.”

“वाटलंच. एवढा भार आला तरी दाणा मोडला नाही हो.”

सगळ्यांत आधी हनीफभाई हसले, मग रामदास, आणि शेवटी पदराने डोळे पुसत सुशीला. तोवर सूर्य डोंगरामागे गेला होता. हनीफभाईंनी खिशातून खजूर काढले. आणि दुपारपासून डब्यात ठेवलेला नारळ सुशीलाने त्यांच्यापुढे केला. त्यांनी खजुरावर रोजा सोडला आणि वरून आमच्या टाकीचा प्रसाद खाल्ला. आम्हीही खाल्ला. मला भूक लागली आहे, हे तेव्हा कळलं. इतक्या वर्षांत मी कितीतरी लग्नांत जेवले असेन, पण खोबऱ्याच्या त्या तुकड्यासारखं काही पोटात गेलं नाही.

त्यानंतर औक्षण बंद झालं असं वाटेल तुम्हाला. मुळीच नाही. सुशीला बंद करू बघत होती, अरविंदांनीच ते चालू ठेवायला लावलं. फक्त आता ते काठावर व्हायचं. मग रामदास टॉवेलने अरविंदांचं डोकं खसाखसा पुसायचा, ते टाकीत उतरायचे, आणि झाकण लागण्याआधी मी रिंगवरून बोट फिरवायचे. पूर्ण फेरी. त्याशिवाय हनीफभाई दोर सोडू देत नसत. “बाई, कुकर लावला का?” रामदास विचारायचा. लावला म्हटल्यावरच टाकी पाण्यात जायची.

मग तो हिवाळा सुरळीत गेला. पाणी निवळत गेलं, अरविंद दर रविवारी थोडे अधिक खोल, थोडा अधिक वेळ. फोनची पेटी त्यांनी खिडकीजवळ हलवली होती. ते तळाशी बसायचे, मी वर. मी विचारायचे, काय दिसतंय? हिरवं. गाळ. एकदा मासा. एकदा रबरी चप्पल, डाव्या पायाची, तिचं त्यांनी मला पाच मिनिटं वर्णन केलं. एवढा खटाटोप करून माणूस खाली गेला आणि त्याला दिसली चप्पल. मी कधी हसले नाही. म्हणजे, त्यांना ऐकू जाईल असं हसले नाही.

आणि वर? वर काय नव्हतं! धुकं आधी पाण्यावरून उठायचं की डोंगरावरून, हे मी त्या होडीत शिकले. बदकांचा एक थवा ठरल्या वेळी यायचा आणि आमच्याकडे शेजाऱ्यांसारखं दुर्लक्ष करून उतरायचा. समोरचे डोंगर सकाळी निळे, दुपारी धुवट, आणि चारनंतर एकेक घडी मोजता यावी असे. सुशीला मला माहेरच्या गोष्टी सांगायची, वल्हं कसं धरायचं ते दाखवायची, आणि मी तिला तिच्या मुलीच्या निबंधात काय काय चुकलंय ते सांगायचे. चाळिशी उलटेपर्यंत मी कधीही, कुठेही, नुसती बसले नव्हते. बाईमाणसाला नुसतं बसायला कोण देतं? त्या हिवाळ्यात तेच माझं काम होतं. बसायचं, दोर धरायचा, बघायचं.

जानेवारीत केव्हातरी अरविंदांनी खालून विचारलं, “वर काय दिसतंय?”

मी सांगितलं. बदकं सांगितली, धुकं सांगितलं, काठावर हनीफभाई क्रेनच्या सावलीत घोरतायत तेही सांगितलं. मग तो आमचा नेमच झाला. तळाच्या अंधारात बसून ते माझ्याकडून आकाश ऐकायचे. मला सगळं दिसायचं, फक्त ते सोडून. दोर जिथे पाण्यात शिरायचा, तिथे नजर संपायची. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, आमच्यात तेवढं बोलणं त्याआधी कधी झालं नव्हतं. मी त्या हिवाळ्याची ऋणी आहे ती यासाठी. एरवी आम्ही एकमेकांना भाजी काय आणि वीजबिल भरलं का, एवढंच विचारत म्हातारे झालो असतो.

फेब्रुवारीअखेर द्राक्षं काढणीला आली, रामदासचा ट्रॅक्टर मोकळा होईना. पाणी इतकं मागे गेलं की बारदानं संपली. टाकी शेडमध्ये गेली. पुढच्या वर्षी पावसाने ओढ दिली, त्याच्या पुढच्या वर्षी हनीफभाई क्रेन विकून मुलाकडे मालेगावला गेले, आणि मग नुसतंच राहून गेलं. अरविंदांनी एकदा स्वतः जाऊन खिडकी काढून आणली, तिथे पत्रा जोडला आणि रामदासला म्हणाले, टाकी घे वापरायला. आज ती बागेत उभी आहे, फवारणीचं पाणी साठवते. अरविंदांना त्याचं वाईट वाटत असेल असं मला वाटायचं. ते म्हणाले, “गळत नाही म्हणतो रामदास. अजून.” आणि समाधानाने सुपारी कातरत बसले.

दोनेक वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात अरविंदांचा तोल जायला लागला. चालता चालता भिंत धरायचे. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला सांगितला, त्या मोठ्या नळीत घालून काढतात तो. आधीच सांगते, काही वाईट निघालं नाही, कानातला दोष आणि वय. पण ते आम्हाला नंतर कळलं. त्या सकाळी मला काहीच माहीत नव्हतं. त्यांना त्या पांढऱ्या नळीत सरकवलं, पावलं तेवढी बाहेर, आणि मी काचेपलीकडच्या खोलीच्या दारात उभी राहिले, हातात त्यांचा चष्मा आणि घड्याळ.

यंत्राची खडखड मध्येच थांबली. यंत्र चालवणारा तरुण मुलगा माझ्याकडे वळला. “काकू, काका आत काहीतरी ठोकतायत. घाबरले वाटतं. बाहेर काढू का?”

मी कान दिला. काचेतून काही नाही, पण टेबलावरच्या स्पीकरमधून आलं. ठक, ठक. मग काही नाही. मग परत, ठक, ठक. घाई नव्हती.

“नको काढू,” मी म्हणाले. “ते ठीक आहेत. मला बोलू दे.”

त्याने माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं, पण बटण दाबून धरलं. मी वाकले.

“ऐकलं. आता हात खाली ठेवा, हलायचं नाही म्हणतायत. मी वर आहे.”

ठोके थांबले. मग तोच आवाज, त्या रिसीव्हरमधून यायचा तसाच, लांबचा.

“वर काय दिसतंय?”

त्या खोलीला खिडकी नव्हती. बदकं नव्हती, डोंगर नव्हते. माझ्या समोर एक पडदा होता आणि त्यावर काळ्या-पांढऱ्या रंगात एक डोकं, आतून दिसणारं, वळ्या-वळ्यांचं.

“तुम्ही,” मी म्हणाले. “तुम्ही दिसताय.”